कोऱ्या बाटल्या

१

सोमवारी सकाळी सुमेधा दामलेने प्रयोगशाळेचा फ्रीज उघडला, तेव्हा आतल्या सगळ्या बाटल्या जागच्या जागी होत्या. एकही फुटलेली नव्हती, एकही कमी झालेली नव्हती, आणि एकीवरही लेबल उरलेलं नव्हतं.

तिने मला फोन केला. "योगिनीताई, आमच्याकडे चोरी झालीय."

"काय गेलं?"

"नावं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

माझी सगळी नोकरी मुंबईत न्यायवैद्यक प्रयोगशाळेत विषं ओळखण्यात गेली. निवृत्त होऊन रत्नागिरीत माळनाक्याला राहायला आले तर इथले लोक मधात साखर आहे का आणि हळदीत रंग आहे का एवढंच विचारतात. त्यामुळे सुमेधाचा फोन आला तेव्हा मला चक्क आनंद झाला. त्या आनंदाची आता लाज वाटते.

सुमेधाची प्रयोगशाळा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद पडलेल्या काजू कारखान्याच्या गाळ्यात आहे. फ्रीजमधल्या बाटल्या तपकिरी काचेच्या, सगळ्या एका मापाच्या. प्रत्येकीत एकेका वनस्पतीचा अर्क. आतला रंग बाहेरून दिसत नाही, आणि दिसला तरी सगळे अर्क काळपटच.

"आपल्या हातापायांना हुकूम देणाऱ्या ज्या पेशी असतात ना ताई, त्या या आजारात एकेक करून मरतात," सुमेधा सांगत होती. "माणसाला सगळं कळत असतं, पण आधी हात जातात, मग पाय, मग बोलणं. शेवटी श्वास. त्या पेशी वाचवणारं एखादं द्रव्य वनस्पतींत आहे का, ते आम्ही शोधतोय."

शोधायची तऱ्हा गमतीची होती. केळ्यावर येतात ती चिलटं काचेच्या नळीत ठेवायची. त्यांच्यात तोच दोष जन्मतःच असतो. नळी टेबलावर आपटली की धडधाकट चिलटं भराभर वर चढतात, दोष असलेली तळाशी बसून राहतात. पण एका अर्कावर वाढवलेली चिलटं पहिल्या खेपेला वर चढली होती. तो अर्क सड्यावरच्या, म्हणजे कातळमाळावरच्या, एका पाल्याचा होता.

"औषध नव्हे हं," सुमेधा लगेच म्हणाली. "चिलटाला लागू पडलं ते माणसाला पडेलच असं नाही. पण काहीतरी आहे त्यात."

गुरुवारी पुण्याहून तज्ज्ञ समिती येणार होती. मी तिला धीर दिला. वाळवलेला पाला बरण्यांत होता, त्याच्याशी ताडून कोणती बाटली कशाची हे एका दिवसात काढता आलं असतं.

"ते मलाही येतं," सुमेधा म्हणाली. "पण झाकणं साधी फिरकीची आहेत. ज्यानं लेबलं काढली त्यानं आत काही मिसळलं नाही, हे कोण सांगणार? खात्री नसेल तर समिती सगळं ओतून द्यायला लावेल. सड्यावरचा पाला बरणीत नमुन्यापुरताच आहे, आणि ताजा पुन्हा पावसाळा संपल्यावरच मिळतो. म्हणजे वर्ष गेलं."

बोलता बोलता तिने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे तिचे वडील भास्करराव, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, मांडीवर हात ठेवून बसले होते. ते हात त्यांनी ठेवल्यासारखे नव्हते, कुणीतरी नीट ठेवून दिल्यासारखे होते. त्यांना तोच आजार होता, पाय ओढत थोडं चालत तेवढंच, आणि वर्ष त्यांच्यापाशी नव्हतं.

२

मी बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. काचेवर नखाचा ओरखडा नाही, घासणीचा चरा नाही, डिंकाचा चिकटपणाही नाही. स्पिरिटचा वास नाही. बेसिनच्या जाळीत मात्र भिजलेल्या कागदाचा लगदा अडकला होता. कुणीतरी बाटल्या पाण्यात बराच वेळ भिजत घालून लेबलं सावकाश सुटू दिली होती. चोर असा निवांत असतो हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

रविवारी इथे कोण कोण होतं? रितेश गोताड हा मदतनीस दुपारपर्यंत होता. काशी दुपारनंतर झाडायला आली. भास्कररावांची देखभाल करणारी बाई रजेवर होती, म्हणून सुमेधा त्यांना सोबत घेऊन आली होती. मधे ती बर्फ आणायला मिरकरवाड्याला गेली, तेवढाच वेळ ती नव्हती. बाकी दाराला कुलूप, किल्ल्या सुमेधा, रितेश आणि काशी या तिघांकडेच.

रितेश चुणचुणीत मुलगा. मुंबईच्या कंपनीत नोकरी लागलेली, त्यामुळे जिभेला हाड नाही.

"मी काढली असती तर स्पिरिटनं काढली असती," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. भिजवत कोण बसतंय? तुम्ही मॅडमनाच विचारा. दुसऱ्या खेपेला चिलटं चढली नाहीत, निम्मी तळाशीच बसली. समितीपुढे हसं होण्यापेक्षा..."

"दुसरी खेप कधी झाली?"

"गेल्या आठवड्यात. पहिल्या खेपेला बाटल्यांवर नुसती अक्षरं होती, क, ख, ग. पहिली खेप चांगली गेली तशी मॅडम म्हणाल्या, आता समितीसाठी पूर्ण नावं लिही. मी लिहिली. आणि पुढच्या खेपेला चिलटं बसली खाली."

मी सुमेधाला स्पष्टच विचारलं. तिला राग आला नाही.

"दुसऱ्या खेपेचा निकाल मी समितीला त्याच दिवशी फोनवर सांगितला. हंगाम सरता सरता तोडलेला पाला होता, त्यात कस कमी असेल. लपवायचं काय त्यात? ताई, मला वाटतं हे काशीचं काम आहे."

काशीचा चुलता बाबल्या हा गुहागरकडच्या एका खेड्यातला जाणता. झाडपाल्याचं औषध देतो, पैसे घेत नाही आणि पाल्याचं नावही सांगत नाही. नाव उच्चारलं की औषधाचा गुण जातो, असं तिकडे मानतात. काशीने तो पाला आणून दिला तेव्हा एकच अट घातली होती, नाव कुठे लिहायचं नाही. सुमेधाने पाला ओळखला आणि नाव लिहिलं.

"काशी तेव्हा फार नाराज झाली होती," सुमेधा म्हणाली.

काशी बाहेर पायरीवर बसली होती. आम्ही दोन शिकलेल्या बायकांनी तिला आत बोलावून तिची पिशवी टेबलावर रिकामी केली. डबा, छत्री, पानाची चंची. तळाशी चुरगळलेला, अजून ओलसर असलेला कागद होता. मी तो उलगडला. एका बाटलीचं लेबल होतं.

३

काशीने डबा, छत्री, चंची पुन्हा पिशवीत भरली. सुमेधाने तिला घरी जायला सांगितलं, ती गेली.

मंगळवारी सकाळी मी खेडशीला तिच्या खोलीवर गेले. ती चुलीपुढे पेज ढवळत होती. मला बघून तिने पदर सारखा केला आणि पाट सरकवला.

"काशी, लेबल तुझ्या पिशवीत कसं आलं?"

"पडलेला व्हता कागूद. उचललाय."

"कुठे पडला होता?"

ती पेज ढवळत राहिली.

"नाव लिहिलं याचा तुला राग आला होता ना?"

"आला व्हता. मॅडमना तोंडावर बोललेय मी तेव्हाच. मागून कशाला काय करू?" तिने माझ्याकडे पाहिलं. "आन् मना काडायचाच आसता तर येकाच बाटलीचा काडला आसता. बाकीच्यांचा मना काय करायचाय?"

हे माझ्या डोक्यात आधीच यायला हवं होतं. आलं नव्हतं, कारण तिच्या पिशवीत लेबल सापडल्यावर मी विचार करणंच सोडून दिलं होतं. शिवाय काशी भांडी, बरण्या सगळं काथ्यानं घासते. तिच्या हातून काचेवर चरे पडलेच असते.

"मग कुणी काढली? तू पाहिलंस ना?"

तिने चुलीत लाकूड सरकवलं आणि पुन्हा ढवळू लागली.

मग मी जे बोलले ते लिहायला जड जातंय. मी म्हटलं, "तू सांगितलं नाहीस तर पोलिसांत द्यावं लागेल. तुझ्यावरच येईल सगळं."

तिचा हात थांबला. चेहरा उतरला. पण ती एवढंच म्हणाली, "द्या. मी कुणाचा नाव सांगायची नाय."

"कुणासाठी एवढं करतेस?"

"पेज घेताव वाईच?" काशीने विचारलं.

मी पेज घेतली नाही. परत येताना एकच प्रश्न घोळत होता. रितेशसाठी ती तुरुंगात जाणार नाही. सुमेधाने तर तिची पिशवी उपडी केली होती. मग उरतं कोण?

कुणीच उरत नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं.

४

प्रयोगशाळेत पोचले तर सुमेधा चिलटं मोजत होती. मी भास्कररावांजवळ खुर्ची ओढून बसले, निव्वळ शिष्टाचार म्हणून. गुहागरकडच्या शाळेत त्यांनी उभा जन्म विज्ञान शिकवलं. अंगात येणं, नजर लागणं, उतारे टाकणं, सगळ्याच्या विरुद्ध गावोगाव व्याख्यानं दिली. आता त्यांचे शब्द एकमेकांत अडकतात, फार कान देऊन ऐकावं लागतं.

"काशीच्या चुलत्याला तुम्ही ओळखता का?" मी विचारलं.

"बाबल्या ना. ओळखतो." ते थांबत थांबत बोलत होते. "त्याला मी एकदा शाळेच्या पटांगणात उभा केला होता. सगळ्या गावासमोर. म्हटलं, घे पाल्याचं नाव. बघू कसा गुण जातो. घ्यायलाच लावलं. पोरं हसली. काशीही होती तिथे. एवढीशी."

"मग?"

"मग काय. टाळ्या." ते खिडकीबाहेर बघत राहिले.

विषय बदलावा म्हणून मी समोरच्या फळीवरच्या बरण्यांकडे बोट दाखवलं. मास्तरांना आवडेल असं काहीतरी विचारावं, एवढाच हेतू. "भाऊ, यांची शास्त्रीय नावं येतात तुम्हाला?"

त्यांचे डोळे चमकले. "कोकम. गार्सिनिया इंडिका. अश्वगंधा, विथानिया सोम्निफेरा. ब्राह्मी, बॅकोपा मोनिएरी." एकेका नावासाठी जीभ झगडत होती, ओठांच्या कडेने लाळ येत होती, तरी त्यांनी एकही अक्षर सोडलं नाही. "हळद. कुर्कुमा लाँगा. मग ते... ते दुसरं. आणि सातविण, अल्स्टोनिया स्कोलॅरिस."

दमले बिचारे, मला वाटलं. सुमेधाने चहा आणून ठेवला. भास्कररावांनी पेला दोन्ही तळव्यांच्या मधे दाबून उचलला. अंगठे नुसते लोंबत होते, पकडत नव्हते. सांडलेला चहा सुमेधाने न बोलता पुसला.

घरी जायला निघाले. मारुती मंदिरापाशी सिग्नलला स्कूटर थांबवली आणि एकदम लक्षात आलं. हळद आणि सातविण यांच्या मधल्या बरणीत तोच सड्यावरचा पाला होता. त्याचं नाव अल्स्टोनिया स्कोलॅरिसपेक्षा कितीतरी सोपं आहे. ज्या माणसाने लॅटिन नावं धडपडत का होईना पूर्ण उच्चारली, त्याने तेवढं एक साधं नाव टाळलं होतं.

मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आले.

५

बुधवारी सकाळी सुमेधा आणि भास्करराव दोघेच असताना मी गेले. मला हे बोलायचं नव्हतं, पण खोटा आळ घेऊन काशी घरी बसली होती.

"भाऊ, लेबलं तुम्ही काढलीत."

सुमेधा हसली. "ताई, काहीतरीच काय. भाऊंना शर्टाचं बटण लावता येत नाही."

"म्हणूनच. नखानं खरवडायला बोटांत जोर लागतो. त्यांच्या बोटांत तो नाही, म्हणून त्यांनी बाटल्या तळव्यांत धरून बेसिनमध्ये सोडल्या आणि भिजू दिल्या. मग मनगटानं चोळलं की लेबल निघतं. तू मिरकरवाड्याला गेली होतीस, वेळ भरपूर होता. बाटल्या पुन्हा ठेवताना काशी आली. तिनं पाहिलं. एक लेबल भाऊंच्या बाहीला चिकटलं असेल, ते तिनं काढून पिशवीत टाकलं, तुला दिसू नये म्हणून."

"पण का?" सुमेधाचा आवाज चढला. "भाऊ असं का करतील?"

मी भास्कररावांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

"पहिल्या खेपेला बाटलीवर नाव नव्हतं, चिलटं चढली," मी म्हटलं. "मग नाव लिहिलं. दुसऱ्या खेपेला ती तळाशी बसली. भाऊ इथे बसून दोन्ही बघत होते."

 भास्करराव मान वर न करता बोलले.

"मला माहीत आहे, तसं काही नसतं. मीच शिकवलंय सगळ्यांना. पण पाय ओढायला लागला त्या दिवशी..." त्यांना वाक्य पुरं करता येईना. "वाटलं, नसेल तर नसेल. पण असलं तर?"

"एकच लेबल का नाही काढलंत?" मी विचारलं.

"एकच काढलं असतं तर लगेच कळलं असतं ना. का काढलं ते." त्यांचे डोळे भरून आले. "लाज वाटली गो."

मी या गोष्टीत त्या पाल्याचं नाव अजून लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तेव्हा भास्कररावांना दोष द्यायचा मला काही अधिकार नाही.

सुमेधा त्यांच्या पायांशी बसली होती. ती वडिलांवर रागावली नाही, स्वतःवरच चिडली होती. काशीला तिने कसं घालवून दिलं ते तिला आठवत असणार. मलाही पेजेची वाटी आठवत होती.

"सुमेधा, तुझा अर्क वाचला," मी म्हटलं. "बाटल्या भाऊंनी हाताळल्या असतील तर एकही झाकण उघडलेलं नाही. त्यांना उघडताच येत नाही. आत काही मिसळलेलं नाही याचा यापेक्षा पक्का पुरावा नाही. समितीला एवढं सांगितलं की झालं."

सुमेधा उठली. "नाही सांगणार."

"अगं पण..."

"आयुष्यभर ज्यांनी लोकांना शहाणं केलं, त्यांना मी परक्या माणसांपुढे असं उभं करू? नाही. कुणी काढली ते कळलं नाही म्हणेन. अर्क ओतून देईन. वर्ष गेलं तर गेलं."

वर्ष कुणाचं, ते तिने म्हटलं नाही. भास्करराव तिच्याकडे बघत होते.

"काशीला बोलाव," ते म्हणाले.

६

गुरुवारी समितीचे दोघे आले, एक बाई आणि एक गृहस्थ. काशी दाराशी उभी होती. सुमेधा तिला आणायला स्वतः खेडशीला गेली होती. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. काशीने माझ्याकडे पाहिलं, मी मान वर करू शकले नाही.

बाईंनी कोऱ्या बाटल्या पाहिल्या. मी बरण्यांतल्या पाल्याशी ताडून कोणती कशाची ते काढून ठेवलं होतं. "हे ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण हा प्रकार कुणी केला?"

"कळलं नाही," सुमेधा म्हणाली.

कोपऱ्यातून भास्करराव बोलू लागले. समितीच्या दोघांना एक अक्षर कळेना. बाईंनी सुमेधाकडे पाहिलं. "काय म्हणतायत ते?"

 भास्कररावांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि तिच्याकडे बघत थांबले.

"म्हणतायत," सुमेधा खालच्या आवाजात म्हणाली, "लेबलं मी काढली."

ते पुढे बोलले. तिला प्रत्येक वाक्य आपल्या तोंडून म्हणावं लागलं.

"म्हणतायत, नाव लिहिल्यानं गुण जाईल अशी भीती वाटली. म्हणतायत, मी विज्ञानाचा शिक्षक होतो." ती थांबली, त्यांनी मान हलवली, ती पुढे म्हणाली. "काशीवर आळ आला तेव्हा मी इथेच बसलो होतो आणि गप्प राहिलो. तिच्या चुलत्याचं मी गावासमोर हसं केलं, तरी तिनं माझी अब्रू राखली. म्हणतायत, बाटलीचं झाकण मला उघडत नाही. हवं तर बघा."

गृहस्थ अवघडले. "नको, नको, आमचा विश्वास आहे."

भास्कररावांनी ऐकलं नाही. शेवटी सुमेधानेच एक रिकामी बाटली त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती तळव्यांत धरली आणि अंगठ्याने झाकण फिरवायला बघितलं. अंगठा सरकत राहिला. कपाळावर घाम आला. बाटली निसटून आडवी झाली आणि टेबलाच्या कडेला जाऊन थांबली. कुणी ती उचलायला पुढे झालं नाही, कुणाची छातीच झाली नाही. काशीने येऊन ती उभी केली आणि पदराने त्यांचं कपाळ पुसलं.

"अर्क ठेवा," बाई जरा वेळाने म्हणाल्या.  "तिसरी खेप आमच्यासमोर करा. चिलटं चढली तर आम्ही पुढची शिफारस करू. फक्त आमच्या नियमाप्रमाणे बाटलीवर पूर्ण नाव हवं. ते आत्ताच लिहून घेते. कुठलं झाड म्हणालात?"

भास्कररावांनी नाव सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ते निघालं.

बाईंना ते कळलं नाही. त्यांनी पेन हातात धरून सुमेधाकडे पाहिलं.

सुमेधाने ते नाव शेकडो वेळा लिहिलं असेल, भाषणांत घेतलं असेल, मला फोनवर सांगितलं होतं. ती आता तोंड उघडेना. वडिलांच्या मांडीवरच्या हातांकडे बघत नुसती उभी राहिली. मी खिडकीकडे वळले.

"सांग गो त्यांना," भास्करराव म्हणाले.

सुमेधाने नाव सांगितलं.